पट्टा नंतर घे, आधी गाडीखाली वाकून बघ

"काका, आम्ही तासगाव तालुक्यातले बागायतदार. डांबरी सोडली की बागेपर्यंत अर्धा किलोमीटर पाणंद, सगळी काळी माती. घरात जुनी बोलेरो आहे (फोर बाय फोर नाही), धाकट्या भावाची छोटी कार आहे आणि ४५ एचपीचा ट्रॅक्टर. यंदाच्या पावसात तीनदा गाड्या रुतल्या. तिसऱ्या वेळी भावाची कार ट्रॅक्टरला बोअरच्या मोटरचा दोर लावून ओढली. दोर तुटला नाही, पण कारचा पुढचा बंपर निघून आला. आठ दिवस झाले, भाऊ बोलत नाही. मोबाईलवर टोचनचे पट्टे बघितले तर ३ टनापासून १४ टनापर्यंत आहेत, सहाशे रुपयांपासून सहा-सात हजारांपर्यंत. काही ताणले जाणारे, काही ताठ, काहींना हूक, काहींना नुसते फास. मित्र म्हणतो १४ टनाचा घे, पुन्हा बघायला नको, नाहीतर सरळ विंच (गाडीवर बसवलेली, वायर गुंडाळून ओढणारी मोटर) बसव. वडील म्हणतात, घरात साखळी असताना पैसे कशाला घालवतोस. नक्की काय घेऊ?"
— पाणंदीतला एक

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलास. दोर तुटला नाही, बंपर निघून आला. म्हणजे त्या दिवशी दोर पुरेसा होता, बांधायची जागा कच्ची होती. आणि प्रश्न मात्र सगळे दोराबद्दलचे. तीस वर्षं मिरज रस्त्याला गॅरेज चालवलं, आता पोरगा बघतो. या तीस वर्षांत पट्टा तुटून कुणाला लागलेलं मी क्वचित बघितलं. ज्याला बांधलं ते उपटून येऊन लागलेलं मात्र बरेचदा बघितलं. एकदा तर थोडक्यात मीच वाचलो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी उतरलं तेव्हा सांगलीत सखल भागातल्या घरांच्या दारात गुडघाभर गाळ होता. ओळखीतल्या एकाची कार अंगणातच बसलेली. आम्ही जीप लावली, जीपच्या मागे एका वर्कशॉपमधून वेल्डिंग करून घेतलेला हूक होता, आणि दोर तुझ्यासारखाच, मोटरचा. रुतलेल्या कारच्या स्टिअरिंगवर मी. दोन झटक्यांत हलली नाही. तिसऱ्या झटक्याला "टण्" असा आवाज झाला आणि माझ्या डाव्या हाताला वारं लागल्यासारखं झालं. जीपचा हूक वेल्डिंगमधून सुटला होता, आणि समोरची काच फोडून शेजारच्या सीटच्या पाठीतून आरपार मागच्या सीटवर जाऊन पडला होता. शेजारी कुणी बसलेलं नव्हतं. नंतर तो हूक काट्यावर ठेवला, पावणेदोन किलो भरला. गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलाय. पोरगा नव्या कामगाराला पहिल्या दिवशी तोच दाखवतो.

दोर शाबूत होता, हे लक्षात घे. ताणलेला दोर म्हणजे गलोलीचं रबर. रबर जितकं ताणलं जाईल तितका खडा लांब जातो, आणि आपण त्याच्या टोकाला पावणेदोन किलोचं लोखंड बांधलेलं होतं.

तेव्हा पैसे खिशात ठेव आणि आधी बोलेरोखाली आडवा हो. अंगाखाली गोणपाट घे. बोलेरोला शिडीसारखी वेगळी चासी असते, हे तुझं नशीब. पुढे आणि मागे चासीच्या त्या जाड लांब पट्टीला बोल्टने घट्ट बसवलेला हूक किंवा कडी आहे का ते बघ. असेल तर तिला हात लावून हलवून बघ, गंज किती आहे बघ, बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा आहे का तेही बघ. काहीच आकडा नसलेला बोल्ट फाटकाला चालतो, इथे नको. हूक नसेल तर चासीला भोकातून किमान दोन बोल्टने बसणारी प्लेट करून घे. नुसतं वेल्डिंग करून चिकटवलेला हूक नको. का ते वर सांगितलंच.

एक फसवी गोष्ट असते. बऱ्याच गाड्यांना खाली लोखंडी पट्टीत लांबट भोक असतं किंवा बारीक कडी असते, आणि माणसाला वाटतं, हीच की टोचनची जागा. ट्रकवर किंवा जहाजात चढवलेली गाडी हलू नये म्हणून बांधून ठेवायची ती सोय असते. गाडी उभी असताना तिला धरून ठेवण्याइतका जोर ती घेते, चिखलातून उपसण्याइतका नाही. मॅन्युअल काढून खात्री करून घे. आणि ट्रेलर ओढायचा गोल बॉल असतो ना, कुणाच्या गाडीला असला तर त्याला पट्टा अजिबात अडकवायचा नाही. तो बॉल बारक्या मानेवर उभा असतो. मोडला की तोफेचा गोळाच. बंपर, त्याच्यापुढचं गार्ड, स्टिअरिंगचे रॉड, चाकाला धरणारे आर्म, हेही नाहीत. आर्मला बांधून ओढलेल्या गाड्या आमच्याकडे यायच्या, "काका, गाडी एका बाजूला खेचतेय" म्हणत.

भावाच्या कारचं थोडं वेगळं आहे. छोट्या गाड्यांना वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच असतो. अशा बहुतेक गाड्यांबरोबर टूलकिटमध्ये एक जाड लोखंडी आय, म्हणजे गोल डोळ्याची कडी येते, मागे आटे असलेली. बंपरवर एका बाजूला बारीक चौकोनी किंवा गोल झाकण असतं. ते पेचकसाने उचकटलं की आत आट्याचं भोक दिसतं. त्यात आय पूर्ण आत जाईपर्यंत पिळायचा, शेवटी व्हीलपान्याचा दांडा घालून आवळायचा. काही गाड्यांत तो आटा उलटा असतो. उजवीकडे फिरवून बसत नाही म्हणून हातोडा मारू नकोस, डावीकडे फिरवून बघ. हा आय गाडी रस्त्यावरून सरळ ओढत नेण्यासाठी असतो. आडवा जोर लागला की वाकतो, झटका बसला की आटे सुटतात. म्हणून कार रुतली तर आधी खणायचं, मग समोरून सरळ रेषेत, मुंगीच्या चालीने ओढायचं. कार ऑटोमॅटिक असेल तर चिखलातून दोन-चार मीटर बाहेर काढण्यापुरतं ठीक, तेही गिअर न्यूट्रलला टाकून. पुढे गॅरेजपर्यंत चाकांवर ओढत नेऊ नकोस, गिअरबॉक्सची वाट लागते. सपाट गाडीवर चढवून ने.

आता पट्ट्यांकडे वळू. बाजारात दोन वेगळ्या जातीचे पट्टे एकाच नावाने विकतात, घोळ तिथेच होतो.

एक जात पॉलिएस्टरची, जवळपास न ताणणारी. हा पट्टा सावकाश ओढायचा. दुसरी जात नायलॉनची, ताकद लावली की आपल्या लांबीच्या वीस-तीस टक्के ताणली जाते. याला स्नॅच पट्टा म्हणतात. यात ओढणारी गाडी दोन-तीन मीटर ढील ठेवून निघते, पट्टा रबरासारखा ताणला जातो आणि मग रुतलेल्या गाडीला लांब, दमदार ओढ देतो. गाडी गाडीला ओढते तेव्हा, विशेषतः दोन्ही गाड्या साधारण एका वजनाच्या असतील तर, ही युक्ती झकास चालते. साताऱ्याकडची पोरं ठोसेघर, चाळकेवाडीच्या बाजूला पावसात फोर बाय फोर गाड्या घेऊन फिरतात, त्यांना हाच पट्टा लागतो. तिथे ओढायला दुसरी जीपच असते.

पण स्नॅच पट्टा जितका जास्त टनाचा तितका चांगला, हा हिशोब चुकीचा आहे. १४ टनाचा पट्टा ताणायला तेवढी जड गाडी लागते. दोन टनाच्या गाडीला तो ताणला जातच नाही, ताठ राहतो आणि झटका सरळ हुकावर जातो. म्हणजे मित्राचं ऐकून जास्त पैसे मोजायचे आणि तोच बंपर पुन्हा उपटायचा. ढोबळ नियम असा की दोन गाड्यांतल्या हलक्या गाडीचं सामानासकट वजन घ्यायचं आणि पट्ट्याची तुटायची ताकद त्याच्या दुप्पट ते तिप्पट ठेवायची. बोलेरो माणसं-सामान धरून सव्वादोन टनाच्या आसपास जाते, म्हणजे साडेचार ते पावणेसात टनाचा झाला तरी पुरे. हलक्या कारला झटक्याचा पट्टा लावायचाच नाही.

आणि तुझ्या घरी ओढणारा आहे ट्रॅक्टर! ट्रॅक्टर पळत येऊन झटका देण्यासाठी बनलेला नाही. तो पहिल्या गिअरात, लो रेंजमध्ये, गुरगुरत ओढतो. चिखलात ट्रॅक्टर जेव्हा सावकाश ओढतो तेव्हा तो स्वतःच्या वजनाएवढा जोरसुद्धा लावू शकत नाही, त्याआधी त्याची चाकं जागेवर फिरायला लागतात. ४५ एचपीचा ट्रॅक्टर दोन टनाच्या आसपास असतो. म्हणजे सावकाश ओढलं तर पट्ट्यावर दोन टन पण येत नाहीत. टनांचे मोठमोठे आकडे लागतात ते झटका देणाऱ्याला. तुला स्नॅच पट्टा नकोच.

तुझ्यासाठी खरी वस्तू मोबाईलवरच्या दुकानात नाही, मिरज-कुपवाडकडे क्रेनचं, लिफ्टिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात आहे. त्यांच्याकडे पॉलिएस्टरचे वजन उचलायचे बेल्ट असतात, दोन्ही टोकांना फास, दुकानात त्याला "आय टू आय बेल्ट" म्हण. त्यांचे रंग ठरलेले असतात: जांभळा १ टनाचा, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. आणि हा आकडा तुटायचा नसतो, रोज बिनधास्त उचलायचा असतो. चांगल्या बेल्टची तुटायची ताकद त्याच्या सातपट धरलेली असते. गाडीच्या दुकानातल्या पट्ट्यावर "८ टन" लिहिलेलं असतं ते तुटायचं, आणि या पिवळ्या बेल्टवर "३ टन" लिहिलेलं असतं ते कामाचं. पिवळा दिसायला लहान आकड्याचा, पण हिशोबाने किती मोठा ते बघ. शिवलेलं लेबल हवं आणि त्यावर टन, लांबी, कापड कशाचं हे लिहिलेलं हवं. टेस्ट सर्टिफिकेट माग, चांगला दुकानदार देतो. नुसता पिवळा रंग मारलेला, लेबल नसलेला बेल्टही बाजारात असतो, तो परत ठेव. ट्रकवर ताडपत्री आवळायचे रॅचेटवाले पट्टे वेगळे, त्यांना हात लावू नकोस.

६ मीटरचा पिवळा घे. पाणंदीत पुढे ट्रॅक्टरला थोडी कोरडी जागा मिळायला एवढी लांबी पुरते. डांबरीवर बंद गाडी ओढत न्यायची वेळ आली तर मात्र दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही असा नियम आहे, तेव्हा फास मागे घेऊन कमी कर. पट्ट्याच्या मध्यावर लाल फडकं बांध, मागच्या गाडीत लायसनवाला माणूस बसव आणि त्याला सांग, इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा लागतो आणि स्टिअरिंग जड होतं.

टोकांना हूकवाला पट्टा नको. पत्र्याच्या जिभेचे ते हूक ढील पडली की निसटतात, आणि निसटले की काय होतं ते माझ्या भिंतीवर टांगलंय. त्याऐवजी दोन बो शॅकल घे, म्हणजे आडवी पिन पिळून बंद होणारी लोखंडी कडी. शॅकलच्या अंगावर उठावदार अक्षरात टन लिहिलेले असतात, ३.२५ किंवा ४.७५. ४.७५ चं घे, फरक थोडाच पडतो, आणि पट्ट्याचा फास त्यात मोकळा बसतो. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, नुसतं चकचकीत आहे, ते मंडपवाल्याचं. पिन हाताने पूर्ण पिळायची आणि मग पाव फेर मागे घ्यायची, नाहीतर जोर लागल्यावर ती अशी आवळते की पान्यानेही सुटत नाही.

दोन पट्टे जोडायची वेळ आली तर मध्ये शॅकल घालू नकोस. मध्येच काही सुटलं तर ते लोखंड हवेत मोकळं होतं. एका पट्ट्याचा फास दुसऱ्याच्या फासातून ओवायचा आणि मध्ये वर्तमानपत्राची घट्ट सुरळी किंवा गोल लाकूड अडकवायचं, म्हणजे नंतर गाठ सुटते. पट्ट्याला गाठ मारायची नाहीच. गाठीत ताकद निम्म्यावर येते, शिवाय ओली गाठ कापूनच काढावी लागते.

आता ट्रॅक्टर. इथे थोडा वेळ देऊन वाच. शक्य झालं तर वडिलांनाही वाचून दाखव. पट्टा ट्रॅक्टरच्या मागे सगळ्यात खाली असलेल्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या आसाच्या मध्यापेक्षा खाली बांधायचा. नांगर जोडायच्या वरच्या लिंकला नाही, आसाला नाही, सीटमागच्या दांड्यालाही नाही. रुतलेली गाडी हलत नसते, मागची चाकं घट्ट धरलेली असतात, आणि इंजिन फिरवत राहतं. चाक फिरू शकत नाही तेव्हा ट्रॅक्टर चाकाभोवती फिरतो. पुढचं तोंड उचललं जातं आणि दीड-दोन सेकंदांत ट्रॅक्टर चालकावर उलटा पडतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत गोष्ट संपलेली असते. पट्टा आसाच्या खाली असला की तोंड उचलायचा जोर बराच कमी होतो. क्लच हळू सोड, पुढची चाकं जमिनीवरून सुटतात असं वाटलं की लगेच दाब.

ट्रॅक्टरच रुतला तर मागच्या चाकांपुढे लाकूड किंवा ओंडका अडकवून पुढे काढू नकोस. आपल्याकडे सर्रास करतात. चाक ओंडक्यावर अडकलं की तोच प्रकार होतो. उलट्या गिअरात मागे काढून बघ, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर आण.

वडिलांना अर्धे मार्क देतो. साखळी ताणली जात नाही, त्यामुळे तुटली तरी दोरासारखी लांब उडत नाही, आणि सावकाश हाताला ती चांगली. पण झटका बसला तर सगळा एकदम बसतो. शिवाय उसाच्या ट्रॉलीची साखळी किती टनाची आहे हे कुणालाच माहीत नसतं. एखादी कडी ताणून लांबट झालेली असेल, वेल्डिंगला चीर असेल, तर साखळी तेवढ्या एका कडीच्या ताकदीचीच. ती ट्रॉलीलाच राहू दे. ज्यांना सावकाश ओढता येतं त्यांनाच ती साखळी शोभते, आणि तुझे वडील नांगरताना क्लच कसा सोडतात ते तू बघितलंच असशील. पट्टा लावल्यावर ट्रॅक्टरवर त्यांनाच बसव.

एवढं सगळं सांगितलं, पण तुझ्या पाणंदीतली निम्मी कामं पट्ट्याशिवाय होतील. काळ्या मातीत टायरच्या खाचा पहिल्या दोन फेऱ्यांत चिखलाने भरतात आणि टायरचा गुळगुळीत गोटा होतो. तू ॲक्सिलरेटर दाबत राहतोस, चाक खड्डा खोल करत राहतं, आणि गाडी पोटावर येऊन बसते. पोटावर बसली की ट्रॅक्टर लागतोच. म्हणून पहिलं चाक जागेवर फिरलं की पाय काढायचा. उतरायचं. खोरं घ्यायचं.

जुना हिशोब असा: चिखल चाकाच्या आसापर्यंत असेल तर गाडी काढायला जवळपास तिच्या वजनाएवढा जोर लागतो, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट. म्हणजे खोऱ्याने वीतभर चिखल काढलास की टनभर जोर वाचला, आणि तो हुकावर येणारच नाही. चाकाच्या पुढे उतार काढ, पोटाखालचा चिखल उपस, चिखलाने गाडीला चिकटून धरलेलं असतं ते हवा शिरली की सुटतं. मग टायरची हवा कमी कर, ३० च्या आसपास असेल तर १८-२० पर्यंत. टायर चपटा होतो, जमिनीवर लांब पसरतो, बैलाच्या खुरापेक्षा उंटाच्या पायासारखा. येरळेच्या वाळूत तर हाच एक उपाय आहे. बाहेर आलास की हळू चालव आणि लगेच हवा भर, त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप आणि एक हवेचा मीटर ठेव. पट्ट्याइतकाच कामाचा.

चाकाखाली काय घालायचं? गोणपाट, डबर, फळी. पाचट भरपूर असतं म्हणून लोक तेच घालतात आणि ओलं असेल तर चालतं. वाळलेलं पाचट गाडीखाली ढिगाने भरू नकोस, सायलेन्सर तापलेला असतो. बोलेरोची एकच मागची बाजू गरगर फिरत असेल आणि दुसरी उभी असेल तर हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हळू निघून बघ. फिरणारं चाक जरा अडखळतं, जोर दुसऱ्याकडे जातो. दर वेळी जमत नाही, पण फुकट आहे.

आणि सगळ्यात फुकट गोष्ट म्हणजे वाफसा येईपर्यंत थांबणं. रानात घात नसताना तू नांगर घालत नाहीस, मग गाडी का घालतोस? डांबरीवर गाडी लाव, बागेत चालत जा. पावसाळा संपला की पाणंदीच्या दोन्ही बाजूंना चर काढून वर मुरूम टाकायचं बघा, शेजारच्या बांधवाल्यांशी बोलून. यावर वेगळं पत्र लिही, त्यात भांडणंच जास्त असतील.

विंच नको. पुढे मजबूत बंपर, त्याखाली प्लेट, जाड वायर, आणि जोरात असताना बॅटरीतून तीनशे-चारशे अँपिअर खेचणारी मोटर, हे सगळं वर्षातून तीन वेळेसाठी? ट्रॅक्टर घरात आहे.

ओढायच्या वेळचं थोडं सांगतो. पट्टा लावला की त्याच्या मध्यावर काहीतरी जड टाकायचं. घोंगडं भिजवून टाक, जुनी वाकळ टाक, चिखलाने भरलेलं गोणपाट टाक. काही सुटलं तर ते वजन पट्ट्याला खाली पाडतं. त्या दिवशी आमच्याकडे घोंगडं होतं, जीपमध्ये घडी घालून ठेवलेलं. लोकांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं कर, ६ मीटरला ९ मीटर. गाडी रुतली की अख्खी वस्ती बघायला येते, पोरं पट्ट्यावरून उड्या मारतात. त्यांना आधी पांगव. सूचना एकानेच द्यायच्या, हात वर म्हणजे थांब. ट्रॅक्टर आणि गाडी एका रेषेत ठेव, पट्टा तिरका लागला तर हुकावर आडवा जोर येतो. दोन-तीन प्रयत्नांत हलली नाही तर पुन्हा खण. चौथ्यांदा जोर वाढवायचा नाही.

काम झालं की पट्टा साध्या पाण्याने धू, सावलीत वाळव. चिखलातली बारीक वाळू आत राहिली तर धागे आतून कापते, आणि उन्हात टांगून ठेवलेला पट्टा हळूहळू कमजोर पडतो. पॉलिएस्टरला चुन्याचं, सिमेंटचं पाणी लागू देऊ नकोस. पुढेमागे नायलॉनचा घेतलास तर त्याला बॅटरीचं ॲसिड चालत नाही, आणि भिजला की त्याची दहा-पंधरा टक्के ताकद कमी होते. शेडमध्ये उंदीर असतीलच, म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेव. कडेला काप दिसला, शिलाई उसवली, की तो पट्टा टोचनसाठी बाद.

तेव्हा यादी: पिवळा ३ टनी बेल्ट ६ मीटर, ४.७५ टनाची दोन बो शॅकल, हवेचा पंप आणि मीटर, लहान दांड्याचं खोरं, चार गोणपाटं. बोलेरोला हूक नसेल तर त्याची प्लेट. यातली कुठलीही वस्तू १४ टनाची नाही.

भावाच्या बंपरचं म्हणशील तर बहुतेक वेळा नुसत्या क्लिपा तुटलेल्या असतात, आणि प्लॅस्टिकला चीर गेली असेल तर ती प्लॅस्टिक वेल्डिंगने जुळते. पैसे तू दे. गाडी गॅरेजला नेशील तेव्हा भावालाही घेऊन जा, आणि बंपर काढलेला असेल तेव्हाच टूलकिटमधला आय काढून ते आट्याचं भोक दोघांनी बघून घ्या. पिळताना उजवीकडे का डावीकडे, यावरून तरी बोलेल.